आधी दोस्ताला विचारा

सालबाईच्या तहाचा कागद पुण्यात सात महिने मंजुरीवाचून पडून होता. ग्वाल्हेरजवळच्या सालबाई गावी १७ मे १७८२ रोजी महादजी शिंदे आणि कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी तो ठरवला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ६ जूनला त्याला मान्यता देऊन टाकली. पुण्यात पावसाळा सरला, दसरा झाला, दिवाळी झाली, तरी नाना फडणीस पेशव्यांची मंजुरी देईनात. ती मिळाली २० डिसेंबरला.

शाळेच्या पुस्तकांत या दिरंगाईचे कारण बहुधा एका ओळीत उरकलेले असते: महादजी आणि नाना यांची चुरस. ती होतीच. साष्टी इंग्रजांकडे राहणार, याचीही नानांना बोच होती. पण बेळगाव, निपाणी, चिकोडी, कित्तूर या पट्ट्यातल्या माणसाने त्या सात महिन्यांकडे दुसऱ्या अंगाने पाहिले पाहिजे. त्या तहात एक कलम हैदर अलीबद्दल होते. आणि हैदरशी पुण्याची दोस्ती जुळली, तेव्हा तिची किंमत याच भागातल्या गावांनी मोजली होती.

दोघे मिळून एका शत्रूशी लढत आहेत. त्यातल्या एकाला शत्रूशी बोलणे लावायचे आहे. मग त्याने दुसऱ्याला आधी विचारायचे की नाही? वरवर पाहता हा दरबारी शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. १७८० ते १८१८ या काळात कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या मुलखात मात्र यावरच ठरत होते, की कोणत्या गावाने कोणाला सारा भरायचा आणि कोणत्या किल्ल्यावर कोणाचे निशाण लागायचे.

१७८० च्या आरंभी पुणे दरबार मोठ्या अडचणीत होता. आदल्या वर्षी जानेवारीत वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडून शरण आली होती. पण तिथला करार कंपनीने पुढे मानला नाही. पेशवेपदावर हक्क सांगणारे राघोबादादा इंग्रजांच्या पंखाखाली होते आणि जनरल गॉडार्ड गुजरातेत फौज घेऊन उतरला होता. एकट्याने निभणार नाही हे ओळखून नानांनी चौघांची जूट बांधली: पुणे, हैदराबादचा निजाम, नागपूरचे भोसले आणि श्रीरंगपट्टणचा हैदर. भोसल्यांनी बंगालवर जायचे, निजामाने उत्तर सरकारांवर, हैदरने मद्रासेवर, आणि मुंबईचा मोर्चा पुण्याने सांभाळायचा, अशी वाटणी ठरली. निजाम जागचा हलला नाही. भोसल्यांची फौज कटकेपर्यंत गेली आणि इंग्रजांच्या पैशावर थांबली. शब्द पाळला तो हैदरने. जुलै १७८० मध्ये तो घाट उतरून अर्काटच्या नबाबाच्या कर्नाटकात शिरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूरच्या लढाईत त्याने कर्नल बेलीची सगळी तुकडी नाहीशी केली. इंग्रजांना हिंदुस्थानात तोवर असा मार बसला नव्हता.

पण हैदर फुकट आलेला नव्हता. पुण्याच्या घरच्या भांडणाचा फायदा घेऊन त्याने तुंगभद्रेच्या अलीकडचा मुलूख आधीच घशात घातला होता. १७७८ मध्ये धारवाडचा किल्ला त्याच्याकडे गेला होता. नरगुंदचे भावे आणि कित्तूरचे देसाई आता पुण्याऐवजी त्याला खंडणी देऊ लागले होते. जूट बांधताना नानांनी हा मुलूख त्याचाच म्हणून मान्य केला आणि त्याच्याकडून यायची खंडणीही कमी केली. मुंबईच्या इंग्रजांना आवरण्यासाठी नरगुंद आणि कित्तूर सोडून देणे, हा तो सौदा होता. तो चूक होता असे मी म्हणणार नाही. गॉडार्ड दाराशी उभा असताना नानांपुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. मात्र नरगुंदकरांना किंवा कित्तूरकरांना कोणी विचारले होते, असे कुठे दिसत नाही.

१७८१ च्या फेब्रुवारीत गॉडार्ड बोरघाटाच्या माथ्यावर येऊन बसला आणि तिथून त्याने पुण्याला सलुखाचे बोलणे पाठवले. नानांनी उत्तर दिले की हैदरला वगळून तह होणार नाही. त्या वेळी पुणे स्वतः धोक्यात होते. तरीही दोस्ताला बाजूला ठेवून मिळणारी सुटका नानांनी नाकारली. पुढे एप्रिलमध्ये गॉडार्डला घाट उतरून परत जावे लागले, तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांनी त्याची पाठ पनवेलपर्यंत सोडली नाही. हा लढाईचा भाग बखरींत आणि पोवाड्यांत रंगवला जातो. आधीचे ते उत्तर कोणी फारसे आठवत नाही. मला ते उत्तर मोठे वाटते.

महादजींची गणिते वेगळी होती. उत्तरेत माळव्यावर इंग्रज चढून आले होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी इंग्रजांच्या कर्नल म्यूरशी आपल्यापुरता समेट केला आणि पुढे सगळ्यांचा तह जुळवायचे पत्करले. त्यातून सालबाई आली. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेली ठाणी वसईसकट परत, साष्टी इंग्रजांकडे, राघोबांना दरमहा २५ हजार आणि चार महिन्यांत इंग्रजांचा आश्रय सोडण्याची सक्ती, आणि या सगळ्याला महादजी जामीन. पुण्याच्या दृष्टीने तह वाईट नव्हता. त्यात हैदरबद्दलचे कलम असे होते: इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जो मुलूख हैदरने घेतला आहे, तो पेशव्यांनी सहा महिन्यांत त्याला सोडायला लावावा. ज्याला आपण स्वतः त्या मुलखावर सोडले, त्यालाच आता मागे ओढायचे, आणि तेही त्याला न विचारता ठरलेल्या कागदावरून.

हैदरच्या छावणीत पुण्याचे वकील कृष्णराव नारायण जोशी होते. ग्वाल्हेरीहून पुण्याला आणि पुण्याहून अर्काटच्या मुलखात जासूदजोड्या खलिते घेऊन धावत होत्या. एका जासुदाला वाटेत काही झाले तर दुसऱ्याने कागद पोचवायचा, म्हणून त्यांना जोडीने पाठवत. या पत्रव्यवहारात नानांनी दोन्ही दोर हातात धरले होते. मंजुरी न दिलेला तह दाखवून ते हैदरला सांगत होते की कृष्णेच्या दक्षिणेचा आमचा मुलूख परत दे, म्हणजे आपण लढाई पुढे चालू ठेवू. आणि हैदर मैदानात आहे हे दाखवून ते इंग्रजांकडून अधिक काही पदरात पडते का ते पाहत होते. निव्वळ दोस्तीखातर ते थांबले होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरी त्या थांबण्यात एक शहाणपण होते. कागद मंजूर होत नाही तोवर इंग्रजांना दोन शत्रू एकाच वेळी मोजावे लागत होते.

७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर चित्तूरजवळच्या आपल्या छावणीत वारला. तेरा दिवसांनी पुण्याची मंजुरी पडली. विचारायला दोस्तच उरला नव्हता.

उरला होता त्याचा मुलगा. टिपूने बापाची लढाई पुढे चालवली आणि मंगळूरला वेढा घातला. सालबाईच्या हिशेबाने म्हैसूरचा तह आता पुण्याच्या मार्फत व्हायला हवा होता. महादजी आणि नाना दोघेही तसेच धरून चालले होते. मद्रासकरांनी ते मानले नाही. त्यांचे वकील थेट टिपूच्या छावणीत गेले आणि ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरचा तह झाला. त्यात मराठ्यांचे नावही नव्हते. खुद्द हेस्टिंग्जला हे रुचले नाही, कारण त्याने सालबाईत दिलेला शब्द मद्रासने पुसून टाकला होता. पुण्याला त्याहून जास्त लागले. कालपर्यंत हैदरशी दोस्ती आणि इंग्रजांशी तह, असे दोन आधार हाताशी होते; आता इंग्रज आणि टिपू एकमेकांशी बोलून मोकळे झाले आणि पुणे एकटे पडले. त्याच वर्षी यादगीरला नानांची आणि निजामाची भेट झाली, ती टिपूविरुद्ध एक होण्यासाठी.

याचा पहिला तडाखा नरगुंदला बसला. टिपूने देसाई व्यंकटराव भावे यांच्याकडे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त खंडणी मागितली. व्यंकटराव पुण्याकडे पाहत होते. पटवर्धनांशी त्यांची सोयरीक होती. १७८५ च्या आरंभी टिपूच्या फौजा नरगुंदच्या डोंगरी किल्ल्याखाली आल्या. पुण्याहून गणेशपंत बेहेरे आणि परशुरामभाऊ निघाले, काही झटापटी झाल्या. तिकडे टिपूचे वकील पुण्यात थकलेल्या खंडणीची गोडगोड बोलणी करत राहिले. पुण्याला वाटले, पैसा येतो आहे आणि प्रकरण मिटते आहे. पावसाळा तोंडावर होता. मराठी फौज मागे सरली. वेढा मात्र उठला नाही. जुलैअखेर पाणी आणि दाणागोटा संपून किल्ला खाली झाला. सुखरूप जाऊ देण्याचे वचन मोडून व्यंकटराव आणि त्यांचे कारभारी काळोपंत पेठे यांना बायकामुलांसह कब्बलदुर्गाच्या तुरुंगात नेऊन टाकले. पाठोपाठ कित्तूरही गेले. कित्तूरच्या याच देसाई घराण्यात पुढे राणी चन्नम्मा झाली, जिने १८२४ मध्ये कंपनीशी झुंज घेतली.

नरगुंदचा डोंगर आज गदग जिल्ह्यात आहे. हुबळीकडून विजापूरला जाताना काळ्या रानात तो एकटा उभा दिसतो. त्याच्याकडे पाहताना मला नेहमी वाटते की त्या किल्ल्यावरच्या माणसांना तोफांइतकेच पुण्यातल्या बोलण्यांनी मारले. वेढ्यात अडकलेला माणूस आपल्या बाजूचा आहे, आणि वेढा घालणाऱ्याशी आपण वाटाघाट करतो आहोत. अशा वेळी पहिली अट वेढा उठवण्याची हवी होती, आणि ती अट नरगुंदकरांना विचारले असते तर त्यांनी एका दमात सांगितली असती. खंडणीचा आकडा पुण्याला महत्त्वाचा होता. गडावरच्या माणसांना विहिरीचे पाणी.

१७८६ मध्ये पुणे आणि निजाम यांनी मिळून युद्ध केले. बदामी घेतली, आणि पुढच्या वर्षी गजेंद्रगडाच्या तहात टिपूने ४८ लाख कबूल करून बदामी, नरगुंद आणि कित्तूर सोडले. त्या युद्धात इंग्रजांनी यावे म्हणून नानांनी प्रयत्न केला होता. नवा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस तेव्हा आला नाही. त्याला स्वतःला गरज पडली ती १७८९ च्या अखेरीस, टिपू त्रावणकोरवर चालून गेला तेव्हा.

१ जून १७९० रोजी पुण्यात रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि नाना यांच्यात जो तह झाला, त्यात या सगळ्या कटू अनुभवाचा निचोड उतरलेला दिसतो. कंपनी, पेशवे आणि निजाम या तिघांनी टिपूशी लढायचे. जिंकलेल्या मुलखाची वाटणी ठरलेली. आणि एक कलम असे, की तह करायचा तर तिघांच्या संमतीने. कोणी वेगळे बोलणे लावायचे नाही. टिपूकडून कोणालाही निरोप आला तर तो बाकीच्या दोघांना कळवायचा. आणि कोणी उगाच आडमुठेपणाही करायचा नाही. सालबाई आणि मंगळूर पाहिलेल्या माणसानेच हे कलम मागावे. युरोपात १९१४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी लंडनमध्ये वेगळा तह न करण्याचा जो करार केला, त्याचे सारही यापेक्षा निराळे नव्हते. जगभर हे पुन्हा पुन्हा लिहून घ्यावे लागते, कारण पुन्हा पुन्हा मोडले जाते. १९७१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी आपण चीनला जाणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचा आशियातला सर्वांत जवळचा दोस्त जपान याला ती बातमी जाहीर होण्याच्या जेमतेम काही क्षण आधी कळली. जपानी राजकारणाला बसलेला तो धक्का तिथे आजही निक्सनच्या नावाने ओळखला जातो.

१७९० चे कलम कागदावर होते. ते अंगी मुरायला धारवाड आणि श्रीरंगपट्टणची वाट चालावी लागली. सप्टेंबरमध्ये परशुरामभाऊंनी धारवाडला वेढा घातला. आत टिपूचा सरदार बद्रुज्जमान खान. भाऊंसोबत मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची छोटी तुकडी होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने वेढ्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. मराठी मोर्च्यावर तोफ ठासून झाली की गोलंदाज बसत, गप्पा मारत, अर्धा तास तंबाखू ओढत. मग तोफ डागायची, चांगली धूळ उडाली की समाधान, आणि पुन्हा गप्पा. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंनी जेवणासाठी जणू ठरवून शांतता. मूरच्या लिखाणात अधीरपणा आहे, आणि ते साहजिक आहे. मुंबईने त्यांना पुरेशा तोफा आणि दारू दिली नव्हती, आणि त्यांचा कर्नल फ्रेडरिक त्या वेढ्यातच मरण पावला. पण सहा महिने एका मोर्च्यावर राहिल्यावर दोघांनाही एकमेकांची सवय झाली. एप्रिल १७९१ च्या आरंभी किल्ला मिळाला. बारा-तेरा वर्षांनी धारवाड परत आले.

पुढचे दृश्य मेलुकोटेच्या आसपासचे. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला होता, पण पाऊस लागला, बैल मेले, लष्करात तांदूळ मिळेना. २२ मे रोजी त्याने आपल्या वेढ्याच्या जड तोफा स्वतः फोडून टाकल्या आणि माघार घेतली. भाऊ आणि हरिपंत यांच्या फौजा जवळ येत आहेत हे त्याला माहीतच नव्हते. त्यांनी धाडलेले जासूद टिपूच्या स्वारांनी एकेक करून कापले होते. चारच दिवसांनी घोडदळ दिसले, तेव्हा इंग्रजांना आधी तो शत्रूच वाटला. मग मराठ्यांच्या छावणीचा बाजार उघडला. दाणागोटा तर होताच. शिवाय विलायती बनातीपासून बर्मिंगहॅमच्या चाकूपर्यंत आणि काश्मिरी शालींपर्यंत सगळे काही तिथे विकायला होते, विकणारा म्हणेल त्या भावाने. उपाशी लष्कराने मोजले तेवढे पैसे. हे निरोप आठवडाभर आधी पोचले असते तर त्या तोफा फोडाव्या लागल्या नसत्या. हरिपंतांनीही मग फौजेच्या खर्चासाठी मोठे कर्ज मागितले, आणि कॉर्नवॉलिसने चीनला निघालेल्या जहाजांवरची रोकड मद्रासेत उतरवून ते दिले.

याच दिवसांत टिपूने कॉर्नवॉलिसकडे सलुखाचा निरोप आणि फळे पाठवली. फळे परत गेली. उत्तर असे गेले की दोस्तांशी विचारविनिमय केल्याशिवाय बोलणे होणार नाही. सात वर्षांपूर्वी मद्रासने जे केले होते त्याच्या नेमके उलट. टिपूचे जुने बळ यावरच होते की समोरच्या तिघांपैकी कोणा एकाशी आधी बोलता येते. सामाईक विहिरीच्या दाव्यात एका वाटेकऱ्याला प्रतिपक्षाने घरी बोलावून चहा पाजला, की दावा कागदावर तसाच राहतो, पण त्यातली धार जाते. ती धार जाऊ द्यायची नाही हे या वेळी तिघांनी सांभाळले.

सांभाळले, पण पूर्ण नाही, आणि इथे आपल्या माणसांचा दोष आपणच सांगितला पाहिजे. परशुरामभाऊंना शेवटच्या मोहिमेत श्रीरंगपट्टणला यायचे ठरले होते. ते वाट वाकडी करून शिमोगा आणि बेदनूरच्या समृद्ध मुलखाकडे गेले. शिमोग्याला लिटलच्या तुकडीने मोठी लढाई जिंकून दिली हे खरे, पण फेब्रुवारी १७९२ मध्ये कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणवर रात्री हल्ला केला तेव्हा भाऊ तिथे नव्हते. ते पोचले तेव्हा टिपूने हार कबूल केली होती. वाटाघाटीला तरी तिन्ही दोस्तांचे वकील एकत्र बसले. टिपूचे निम्मे राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये, दोन मुलगे ओलीस. पुण्याच्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख आला. बेळगाव-धारवाडकडच्या गावांना पुढची काही वर्षे टिपूच्या स्वारांची भीती उरली नाही, ती या तिघांच्या तहामुळे.

ही शिस्त दहा वर्षेही टिकली नाही. १७९४ मध्ये महादजी गेले, १८०० मध्ये नाना. १७९९ च्या शेवटच्या म्हैसूर युद्धात पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांचा दोस्त म्हणवत होता आणि टिपूचे वकील पुण्यात ठेवून घेत होता. परशुरामभाऊंच्या हाताखाली जायची ती फौज निघालीच नाही. मे महिन्यात टिपू मारला गेला. इंग्रजांनी पेशव्यासाठी हरपनहळ्ळी, सोंडा वगैरे मुलूख अटी घालून बाजूला ठेवला. अटी मान्य झाल्या नाहीत, तेव्हा तो कंपनीने आणि निजामाने वाटून घेतला. आणि सप्टेंबरमध्ये निपाणीजवळ पट्टणकुडीला कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना परशुरामभाऊ मारले गेले. ज्या माणसाने गॉडार्डला घाटाखाली पिटाळले, धारवाड परत आणले, तो चिकोडीच्या रानात घरच्याच वैरात पडला. छत्रपतींची कोल्हापूरची गादी आणि पेशव्यांचे पटवर्धन यांचे हे वैर या टापूत वर्षानुवर्षे पेटते होते, आणि ते मिटवण्यासाठी दोघांना एकत्र बसवणारा कोणी उरला नव्हता.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्याची आणि शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळत कोकणात उतरला आणि इंग्रजी जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. सहा हजार कवायती फौज पुण्याच्या मुलखात कायमची राहणार, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख द्यायचा. त्या मुलखात सावनूर आणि बंकापूर होते; पुढच्या वर्षी ते बुंदेलखंडाच्या बदल्यात परत मिळाले. आणि एक कलम: यापुढे पेशव्याने कंपनीला आधी कळवल्याशिवाय आणि तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे सुरू करायचे नाही, चालू असले तर पुढे न्यायचे नाही.

१७९० च्या कलमाशेजारी हे ठेवून वाचले की अंगावर काटा येतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यात तिघांनी एकमेकांना बांधून घेतले होते. टिपूचा निरोप कॉर्नवॉलिसला आला तरी त्याला तो पुण्याला दाखवावा लागे. दुसऱ्यात बांधला गेला तो एकटा पेशवा. कंपनीने कलकत्त्यात कोणाशी काय बोलावे यावर पुण्याचा शब्द चालणार नव्हता. आणि ज्या ‘दुसऱ्या सत्तां’शी बोलायला बाजीरावाला बंदी झाली, त्या कोण होत्या? शिंदे, भोसले, होळकर, कोल्हापूर. म्हणजे त्याचेच सरदार, त्याचेच भाऊबंद.

हा तह करण्याआधी बाजीरावाने त्यांतल्या कोणालाही विचारले नाही. महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्याकडे कंपनीचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स गेला, तेव्हा शिंद्यांच्या कारभाऱ्यांनी सालबाई काढली. पेशवे आणि कंपनी यांच्यातल्या तहाला महादजी जामीन होते. मग जामिनाला न कळवता नवा तह कसा होतो? मुद्दा बिनतोड होता, वीस वर्षे उशिराने का होईना. मे १८०३ च्या अखेरीस दौलतरावांनी कॉलिन्सला सांगितले की नागपूरच्या भोसल्यांची भेट होईल, मग युद्ध की सलूख ते कळवू. इंग्रजांनी या वाक्याला धमकी मानले. मला त्यात जुन्या मराठी राज्यकारभारातली एक चांगली रीत अखेरची जिवंत दिसते: शत्रूला उत्तर देण्याआधी दोस्ताच्या तंबूत जायचे. पण होळकर त्या तंबूत नव्हते. हडपसरच्या जखमा ताज्या होत्या. शिंदे-भोसले १८०३ मध्ये लढून हरले, आणि होळकर १८०४ मध्ये एकटे लढले.

या घटनेचा बेळगावी भागाशी संबंध फार जवळचा आहे. बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायला कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली मार्च १८०३ मध्ये तुंगभद्रा ओलांडून आला, तो याच मुलखातून. धारवाडवरून, मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा उतरून तो मिरजेला आणि तिथून पुण्याला गेला. वाटेत दक्षिणेचे सरदार त्याला येऊन मिळाले. त्यांत बापू गोखले होते आणि निपाणीचे सिद्धोजीराव नाईक-निंबाळकर, ज्यांना सगळे अप्पा देसाई निपाणकर म्हणून ओळखत, तेही होते. पुढे शिंद्यांवरच्या मोहिमेत पेशव्यांचे पथक म्हणून हे दोघे वेलस्लीबरोबर राहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या बाजूने पाहिले तर धनी पेशवा आणि पेशव्याने ज्याला आपला दोस्त म्हटले तो वेलस्ली. मग त्यांनी कोणाला विचारायचे? शिंद्यांना विचारणे म्हणजे आता तहभंग होता.

१८१२ मध्ये पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने दक्षिणेच्या जहागीरदारांचे आणि पेशव्याचे भांडण पंढरपूरला मिटवले. त्याच वर्षी कोल्हापूरकरांशी वेगळा तह झाला. मालवणचा किल्ला कंपनीला, चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडायचा, आणि कंपनीच्या संमतीशिवाय कोणाशी युद्ध करायचे नाही. कोल्हापूरचा वाद आता निपाणीशी असो की मिरजेशी, निवाडा इंग्रजांकडे. घरच्या वैरात माणसे मरणे थांबले, हे या तहाचे पुण्य मानलेच पाहिजे. पट्टणकुडीसारखी लढाई मग या भागात झाली नाही. पण दोन मराठी घरांनी समोरासमोर बसायची सवयही तिथेच सुटली.

म्हणून १८१७ च्या नोव्हेंबरात बाजीराव शेवटी इंग्रजांवर उठला, तेव्हा दक्षिणेत त्याच्या हाकेला एकमुखाने ओ देणारे कोणी नव्हते. कोल्हापूर इंग्रजांकडे राहिले. कंपनीच्या थॉमस मन्रोने हाताशी फारशी फौज नसताना गावागावांत शिबंदी भरती करून गदग, हुबळी, बदामी अशी ठाणी एकेक करून घेतली. २० मार्च १८१८ ला तो बेळगावच्या किल्ल्याखाली आला. खंदक खोल, तट मजबूत, आत पेशव्याची शिबंदी. तीन आठवडे तोफा चालल्या आणि १० एप्रिलला किल्ला पडला. बाहेरून मदतीला कोणी आले नाही. निपाणकर आधी बाजीरावाच्या फौजेबरोबर होते, मग उशिरा इंग्रजांकडे वळले. त्यांची जहागीर राहिली, पण चिकोडी आणि मनोळी त्यांच्या हातून गेली आणि कंपनीने ती कोल्हापूरला बक्षीस दिली. कोल्हापूरलाही ती फार दिवस लाभली नाही. दहा वर्षांच्या आत ती कंपनीने काढून घेतली. १८३९ मध्ये सिद्धोजीराव वारसावाचून वारले आणि निपाणीची जहागीर खालसा झाली.

पटवर्धनांशी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये करार केले. सांगलीशी वेगळा, मिरजेशी वेगळा, जमखंडीशी वेगळा.